वायर तुटल्यानंतर

टुरिस्ट टॅक्सी, ट्रॅव्हल्सची बस किंवा एसटीच्या डॅशबोर्डच्या पोटात, सहजासहजी हात जाणार नाही अशा जागी, एक काळा डबा स्क्रूने आवळलेला असतो. ड्रायव्हर त्याला नुसतं ‘जीपीएस’ म्हणतात. या डब्याबद्दल जे काही बोललं जातं ते उपग्रहांबद्दल, सिमकार्डाबद्दल, नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्याबद्दल असतं. झाकण काढून आत पाहिलं तर सर्किटच्या पाटीला खेटून, प्लास्टिकच्या वेष्टणात गुंडाळलेली एक छोटी बॅटरी दिसते. दोन-तीन बारीक वायरी, टोकाला एक पांढरा कनेक्टर. सगळ्या डब्यात रसिकाने थांबून पाहावं असं काही असेल तर ते इथे आहे, असं माझं मत. फक्त पाहताना वेष्टणावर छापलेला आकडा आधी विसरायचा, कारण तिच्याबद्दल सर्वांत कमी तोच सांगतो.

या बॅटरीचं दुखणं जगावेगळं आहे. तिला वर्षानुवर्षं काम नसतं. ज्या दिवशी काम पडतं त्या दिवशी ती नवी नसते. तिने चार-पाच उन्हाळे सोसलेले असतात, तिची ताकद उतरलेली असते, आणि नेमकं त्याच दिवशी तिच्यावर पूर्ण भार पडतो. म्हणून तिची रचना करणारा माणूस कारखान्यातून निघणाऱ्या कोऱ्या बॅटरीचा विचारच करत नाही. तो तिच्या म्हातारपणाचा, तेही म्हातारपणातल्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करतो. ही नजर ठेवून डबा पाहिला की त्यातला प्रत्येक साधा तपशील बोलू लागतो.

गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना ही दुसरी कशाला? बहुतेक मोटारींत बारा व्होल्टची मेन बॅटरी बोनेटखाली असते. समोरून धडक बसली की चेपणाऱ्या पत्र्याच्या वाटेत सापडणाऱ्या पहिल्या वस्तूंत तिचा नंबर लागतो. काही ठिकाणी तर गाडी आपण होऊन पुरवठा तोडते. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या टर्मिनलमध्ये एक बारीक स्फोटक बसवलेलं असतं. मोठी धडक झाली की ते उडतं आणि इंजिनकडे जाणारी जाड केबल सुटी होते, सांडलेल्या इंधनाला ठिणगी मिळू नये म्हणून. बाकीच्या वायरी जिवंत ठेवलेल्या असतात खऱ्या, पण पत्रा कुठली वायर कापेल याची हमी कोण देणार? मदतीची हाक मारायची वेळ आणि वीज जाण्याची वेळ एकाच धक्क्यातून जन्माला येतात. बॅटरी डब्याच्या बाहेर न ठेवता आत, सर्किटला चिकटून का ठेवली, याचं उत्तर एवढंच. मधे तुटायला लांब वायरच उरू नये. या निर्णयाला सर्किटची हुशारी लागत नाही, अपघाताची कल्पना मनात नीट रंगवता यावी लागते.

आता दोन नियम शेजारी ठेवून वाचू. नियम वाचण्यातही रस असतो, फक्त तो मसुद्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कल्पनाशक्तीत शोधावा लागतो.

पहिला युरोपचा. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मान्यतेसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या मोटारीत आणि हलक्या व्हॅनमध्ये ‘इकॉल’ बंधनकारक झालं. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः ११२ क्रमांक लावते आणि बोलणं सुरू होण्यापूर्वी १४० बाइटांचा एक छोटा निरोप धाडते. निरोप जातो तो आवाजाच्याच वाटेने, सुरांच्या रूपात, कारण जिथे डेटा मिळत नाही तिथेही साधा कॉल लागू शकतो. त्या १४० बाइटांत गाडीची ओळख, वेळ, ठिकाण आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ही माहिती असते. शिवाय त्याआधीची दोन ठिकाणंही देता येतात. दुभाजक असलेल्या हायवेवर गाडी कुठल्या बाजूच्या रस्त्यावर होती हे एका ठिपक्यावरून कळत नाही. मागचे दोन ठिपके हाती आले की कळतं, आणि ॲम्ब्युलन्सचा दहा किलोमीटरचा वळसा वाचतो.

पण बॅटरीच्या दृष्टीने खरी जागा पुढेच आहे. कॉल संपला तरी यंत्रणेने निदान एक तास नेटवर्कवर हजर राहायचं, आणि नियंत्रण कक्षातून उलट फोन आला तर तो आपोआप उचलायचा. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्याने असा माणूस डोळ्यांपुढे आणला आहे, ज्याला गाडीत बसल्या जागी बटण दाबता येत नाही, कदाचित शुद्धही नाही, आणि असा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, जो धुक्यात वळण चुकला आहे आणि पुन्हा विचारू पाहतो आहे. तो तास या छोट्या बॅटरीच्या नावावर लिहिला आहे. ढोबळ हिशोब करून पाहा. दहा मिनिटं बोलणं, सरासरी अर्धा अँपिअर धरला तर ऐंशीच्या आसपास मिलीअँपिअर-अवर. तासभर नुसतं हजर राहणं, आणखी पन्नास. बेरीज दीडशेच्या आत. खेळण्यातल्या ड्रोनमध्येही याहून मोठी बॅटरी असते. तरीही जाणकार अभियंता गरजेच्या कितीतरी पट मोठी बॅटरी बसवतो. ही उधळपट्टी नाही. मधला फरक थंडी आणि म्हातारपण खाणार, हे त्याने आधीच जमेला धरलं आहे.

दुसरा नियम आपला, आणि तो पुण्यात लिहिला गेला. एआयएस-१४० हे मानक ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ने प्रसिद्ध केलं. पुणेकर सकाळी फिरायला जाताना ज्या टेकडीला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, तिच्या कुशीतली ही संस्था. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असा डबा आणि लाल पॅनिक बटणं सक्तीची झाली. रिक्षा, ई-रिक्षा आणि दुचाक्या त्यातून वगळलेल्या. यात बॅटरीबद्दलची अट अशी: मेन पुरवठा गेल्यावर डब्याने दर मिनिटाला ठिकाण कळवत निदान चार तास चालावं.

तिकडे एक तास, इकडे चार. हा फरक उदारपणाचा नव्हे. युरोपच्या मसुद्यात वायर तोडणारा आहे चेपलेला पत्रा. आपल्या मसुद्यात ती तोडणारा आहे पक्कड घेतलेला माणूस. गाडी चोरणारा, मालकाला पत्ता लागू न देता आडवाटेला जाणारा, किंवा ज्याच्या तावडीत एखादी प्रवासी सापडली आहे तो. असा माणूस पहिलं काम करतो ते बोनेट उघडून टर्मिनल ढिलं करण्याचं. चार तासांत गाडी जिल्ह्याची हद्द ओलांडते, आणि तेवढ्या वेळात दर मिनिटाला एक याप्रमाणे २४० ठिपके नोंदले जातात. घाटात रेंज गेली तर ते आतल्या स्मृतीत साठतात (मानकाने ४०,००० नोंदींची जागा मागितली आहे) आणि रेंज आली की मागून पाठवले जातात. ताज्या नोंदीवर ‘एल’ आणि शिळ्या नोंदीवर ‘एच’ अशी खूण असते, म्हणजे ‘लाइव्ह’ आणि ‘हिस्ट्री’. नकाशापुढे बसलेल्याला कळावं की हा ठिपका आत्ताचा नाही. शिळी माहिती ताजी म्हणून न खपवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आता बॅटरीकडे. एकंदर किती वीज साठवली यावर तिचं यश ठरत नाही. ते ठरतं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळात. टूजी नेटवर्कवर बोलणारा मोडेम अखंड बोलत नाही. वेळेचे आठ तुकडे केलेले असतात, त्यातला एक त्याचा. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एकदा, ५७७ मायक्रोसेकंदांपुरता तो पूर्ण जोरात प्रक्षेपण करतो आणि गप्प बसतो. रेंज कमजोर असेल तर त्या क्षणी तो दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. सेकंदाला सुमारे २१७ वेळा. जुन्या दिवसांत रेडिओजवळ मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी जी घरघर यायची, ती या ठोक्यांची. हार्मोनियमवर पडताळलात तर तो सूर पांढरी सहाच्या किंचित खाली उतरलेला भरतो. रेंज जितकी कमजोर तितका ठोका जोरकस, हेही ध्यानात ठेवावं. अपघात नेमके दरीत आणि आडरानात होतात, तेव्हा बॅटरीला सर्वांत जड काम सर्वांत वाईट जागी करावं लागतं.

प्रत्येक बॅटरीच्या आत थोडा रोध असतो. प्रवाह ओढला की त्या रोधापायी व्होल्टेज खाली येतं. कोऱ्या सेलचा, वायरीचा आणि जोडांचा मिळून रोध एक दशांश ओहम धरू. दोन अँपिअरला ०.२ व्होल्टचा खड्डा पडतो. ३.७ व्होल्टचा सेल ३.५ वर येतो, मोडेम खूश. तोच सेल पाच वर्षांनी, हिवाळ्याच्या पहाटे, ०.३ ओहमवर गेला तर खड्डा ०.६ व्होल्टचा. सेल ३.१ वर आला. मोडेमला साधारण ३.३ ते ३.४ व्होल्ट लागतात. तो बंद पडतो. भार गेला म्हणून व्होल्टेज पुन्हा वर येतं, मोडेम जागा होतो, नेटवर्क शोधतो, पहिला ठोका मारतो, पुन्हा बंद. बॅटरीत निम्मी वीज शिल्लक आहे आणि हाक एकदाही पोचत नाही. वेष्टणावरचा आकडा विसरायला मी सुरुवातीलाच का सांगितलं ते इथे उघड होतं. तो आकडा साठा सांगतो. ठोका सोसण्याची ताकद सांगत नाही.

यावर उपाय म्हणून बॅटरी आणि मोडेम यांच्यामध्ये एक कपॅसिटर ठेवतात, ठोक्याचा काही भार उचलायला. त्याचंही गणित सुंदर आहे. दोन अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण १.१५ मिलिकुलोम. हजार मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने हा भार एकट्याने उचलायचा म्हटलं तर त्याचं स्वतःचं व्होल्टेज सुमारे १.१५ व्होल्टने घसरेल. म्हणजे तो एकटा पुरत नाही. सेल आणि कपॅसिटर दोघांनी मिळून भार वाहायचा. उत्तम आराखड्यात ही वाटणी अशी जुळवलेली असते की सेल म्हातारा होत जातो तसा कपॅसिटरचा वाटा वाढत जातो आणि मोडेमला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑसिलोस्कोपवर तो खड्डा पाहावा. काठ मऊ, तळ सपाट, पुढच्या ठोक्याच्या आत पुन्हा भरून आलेला. अशी रेघ आखणाऱ्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते.

सेल कुठल्या जातीचा निवडला, यात तर अभियंत्याचा स्वभाव कळतो. साधा लिथियम-आयन स्वस्त आणि जागा कमी खाणारा. पण त्याला ऊन सोसत नाही. वैशाख महिन्यात चंद्रपूरला उन्हात उभ्या बसचा डॅशबोर्ड सत्तर अंशांवर सहज जातो, आणि साधे सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नयेत असं त्यांचे निर्माते स्वतः लिहितात. निकेल-मेटल हायड्राइड जुन्या वळणाचा, वजनाने जड, पण आतला द्रव पाण्याचा असल्याने पेट घेण्याचं भय कमी. जपानी कंपन्या इकॉलसाठी मुद्दाम उष्णता सोसणारे असे सेल बनवतात. तीन जोडले की ३.६ व्होल्ट. या निवडीत दिखाऊपणा नाही, आणि ज्याने अपघाताच्या गाडीत ज्वालाग्राही वस्तू वाढवायची नाही असं ठरवलं, त्याच्या सावधपणाला माझा नमस्कार.

तिसरा लिथियम-आयर्न-फॉस्फेट. याचा जन्म टेक्सास विद्यापीठात, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत, आणि १९९७ च्या त्या मूळ शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आयर्न-फॉस्फेट तापला तरी सहसा भडकत नाही आणि वर्षं जास्त काढतो. पण त्याचं व्होल्टेज ३.२. मोडेमला हवं त्याहून कमी! म्हणजे व्होल्टेज वर चढवणारं सर्किट मधे घालायचं, नाहीतर दोन सेल एकापुढे एक जोडून ते खाली उतरवायचं. सेलची निवड सर्किटच्या आराखड्यापर्यंत अशी पोचते. शिवाय या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. मोडेमला ते सुखाचं, पण किती वीज उरली हे व्होल्टेजवरून ओळखणं त्यामुळे अवघड होऊन बसतं. सेलच्या त्याच गुणापायी हिशोबनीस मात्र वैतागतो.

माझा जीव मात्र चौथ्या जातीवर आहे. लिथियम-थायोनिल क्लोराइड. हा सेल चार्ज होत नाही. एकदाच वापरायचा. उणे ५५ पासून ८५ अंशांपर्यंत चालतो, आणि वर्षाला जेमतेम एखादा टक्का वीज गमावतो, म्हणून दहा वर्षं पडून राहिला तरी भरलेला. हे कसं जमतं? आत लिथियमच्या पत्र्यावर लिथियम क्लोराइडचा एक पातळ थर धरतो, तापलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा थर लिथियमला आतल्या द्रवापासून वाचवतो आणि सेल वर्षानुवर्षं झिजत नाही. पण ज्या थराने त्याला एवढं जपलं, तोच थर अचानक मोठा प्रवाह मागितला की आडवा येतो. पहिल्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, मग थर फुटतो आणि ते सावकाश सावरतं. अपघाताच्या वेळी ‘सावकाश’ परवडत नाही. म्हणून त्याच्या शेजारी एक खास कपॅसिटरसारखा साथीदार जोडतात. मुख्य सेल त्याला मंद गतीने भरत राहतो आणि ठोके मारायचं काम साथीदार करतो. साठा एकाकडे, जोर दुसऱ्याकडे. एका जातीचा दोष दुसऱ्या घटकाच्या गुणाने झाकण्याचं इतकं नेटकं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

चार्जिंगबद्दल थोडक्यात, कारण इथलं कसब मुख्यतः न करण्यात आहे. सेलला चिकटवलेला मुगाच्या दाण्याएवढा एक थर्मिस्टर तापमान सांगतो. लेहच्या टॅक्सीत जानेवारीच्या पहाटे शून्याखाली चार्जिंग बंद, कारण गोठत्या थंडीत लिथियमचा थर धातूच्या रूपात साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. चंद्रपूरच्या बसमध्ये मे महिन्याच्या दुपारी पुन्हा बंद. दोन्ही गाड्यांना नियम तोच, डबाही कदाचित तोच. शिवाय जाणकार चार्जर लिथियम-आयन सेलला ४.२ व्होल्टपर्यंत काठोकाठ भरत नाही, थोडा आधीच थांबतो. उष्णतेत पूर्ण भरलेला सेल लवकर म्हातारा होतो. आज जागा रिकामी ठेवून पाच वर्षांनंतरची ताकद विकत घ्यायची, हा व्यवहार ज्याला सुचला त्याने बॅटरीचा स्वभाव ओळखला. स्वस्त डब्यांत थर्मिस्टरची वायर नसतेच. पाकिटासारखा मऊ सेल कोंबलेला असतो, दोन उन्हाळ्यांत तो फुगतो आणि झाकण आतून ढकलू लागतो. तसा डबा उघडलात तर वास आधी येतो.

सेल धरून ठेवण्याच्या पद्धतीकडे कुणी पाहत नाही, म्हणून मी मुद्दाम पाहतो. टॉर्चमधल्यासारखी स्प्रिंग इथे चालत नाही. खडीच्या रस्त्यावर स्प्रिंगचा संपर्क दोन-चार मिलिसेकंद सुटतो. टॉर्चला ते कळणारही नाही, पण आपल्या मोडेमचा ठोका त्याहून लहान आहे. म्हणून सेलच्या टोकांना निकेलच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. कनेक्टरला खाच असते, बसला की ‘टक्’ आवाज येतो, आणि चांगला कारागीर त्यावर सिलिकॉनचा एक थेंबही ठेवतो. एका अठरा मिलिमीटर जाडीच्या दंडगोल सेलचं वजन साधारण ४५ ग्रॅम. धडकेत गुरुत्वाच्या पन्नासपट झटका बसला तर त्या क्षणी तो सव्वादोन किलोच्या वजनाने डब्याच्या भिंतीवर आदळू पाहतो. नुसत्या दुहेरी टेपवर भरवसा ठेवणाऱ्याने हे गणित केलेलं नसतं. ज्याने केलं, त्याच्या डब्यात सेलभोवती प्लास्टिकचा पिंजरा आणि पिंजऱ्यात दाबून बसवलेला फोम दिसतो. आतला भाग हलवून पाहावा, काही वाजत नाही.

दररोजचं एक बारीक काम मात्र या बॅटरीला करावं लागतं, आणि ते ध्यानातही येत नाही. ड्रायव्हर सेल्फ मारतो तेव्हा स्टार्टर एवढा प्रवाह ओढतो की मेन बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर निम्म्याजवळ येतं. तो क्षण आपली बॅटरी निभावून नेते. इथे एक अवघड प्रश्न येतो. हा खड्डा आणि वायर कापल्याचा खड्डा, सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. दर सकाळी ‘वायर तुटली’ अशी खोटी बोंब गेली तर आठवड्याभरात नियंत्रण कक्षातला माणूस ती ऐकणं सोडून देईल. चांगला डबा क्षणभर थांबतो, चावीची स्थिती पाहतो, मग बोलतो. किती थांबायचं ही निवड त्याच्या कर्त्याची, आणि त्या निवडीत अनुभव दिसतो.

आणि बोलतो ते काय? एआयएस-१४० मध्ये प्रत्येक निरोपाला दोन अक्षरांची खूण आहे. मेन बॅटरी सुटली की ‘बीडी’. परत जोडली की ‘बीआर’. आतली बॅटरी उतरली की ‘बीएल’. डबा उघडायचा प्रयत्न झाला की ‘टीए’. पॅनिक बटण दाबलं की ‘ईए’. यातला ‘बीडी’ थांबून वाचावा. वायर कापणाऱ्याची समजूत असते की त्याने डब्याचं तोंड बंद केलं. प्रत्यक्षात त्या तुटण्यामुळेच पहिला निरोप सुटतो, आणि तो पाठवायला लागणारी वीज या छोट्या सेलमधून येते. पॅनिक बटणही त्याच विचाराचं. ते नेहमी जोडलेल्या अवस्थेत असतं आणि दाबलं की सर्किट उघडतं. त्याची वायर कुणी कापली तरी सर्किट उघडतंच आणि यंत्रणेला ते कळतं. तोडणाऱ्याच्या कृतीलाच इशारा करून टाकायचं, ही कल्पना या सगळ्या मानकात मला सर्वांत उंचीची वाटते, आणि ती या सेलशिवाय कागदावरच राहिली असती.

एक गुण राहिला, आणि तो दुर्मीळ आहे: स्वतःचं म्हातारपण कबूल करणं. उत्तम डबा अधूनमधून आपल्या सेलवर काही मिलिसेकंदांचा भार टाकतो, व्होल्टेज किती घसरलं ते मोजतो आणि त्यावरून आतला रोध काढतो. ठोका सोसण्याची ताकद संपत आली की दिवा लावतो. हाक जाऊच शकणार नाही असा गंभीर बिघाड इकॉल यंत्रणेत झाला तर गाडीतल्या माणसांना इशारा द्यायलाच हवा, असं युरोपचा कायदा सांगतो. आपल्याकडच्या अनेक डब्यांत मात्र आतल्या बॅटरीचं फक्त व्होल्टेज कळवलं जातं. भार नसताना घेतलेलं व्होल्टेज म्हाताऱ्या सेललाही तरुण दाखवतं, हे आपण वर पाहिलंच. पुण्याच्या त्या मसुद्यात पुढच्या सुधारणेला ही एक ओळ घालायला हरकत नसावी. चार तासांची चाचणी कोऱ्या बॅटरीवर घेऊन थांबू नये, तिने काही वर्षं काढल्यावर पुन्हा घ्यावी.

तोवर, तुमची गाडी परमिटची असेल तर पासिंगच्या आधी एकदा हे करून पाहा. कंट्रोल रूमला आणि डब्याच्या कंपनीला कळवून फिटरकडून मेन बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, आणि चार तास नकाशावरचा ठिपका दर मिनिटाला येतो का ते पाहा. नाही टिकला तर आतली बॅटरी बदलून घ्या. डबा स्वतः उघडू नका, ‘टीए’ जाईल. नवी बॅटरी घेताना मिलीअँपिअर-अवरचा आकडा शेवटी वाचा. आधी तापमानाची मर्यादा आणि सेलची जात वाचा. आयर्न-फॉस्फेटच्या जागी साधा लिथियम-आयन किंवा उलट, असं कधीही बसवू देऊ नका. पहिल्याचा चार्जर ३.६ व्होल्टच्या आसपास थांबतो, दुसऱ्याचा ४.२ ला, आणि ही अदलाबदल डब्याच्या कुठल्याही दिव्यावर दिसत नाही.